मुगाएवढी अफू

डबीच्या झाकणाला आतून चिकटलेला तो काळा कण नखानं खरवडला तरी निघत नव्हता, आणि रुद्रम्मा तो खरवडत राहिली होती — अंगठ्याच्या नखाची कड दुखू लागली, नखाच्या पोटात काळी रेघ उतरली, पण कण होता तिथंच, मोहरीएवढा, चांदीत रुतून बसलेला. डबी रिकामी होती. आतली अफू तिनं त्या सोमवारीच, दिवेलागणीच्या आधी, चुलीत टाकली होती. तिचा तो गोडसर, कुबट, ओल्या गवताच्या गंजीसारखा वास स्वयंपाकघरात पसरला तेव्हा सुनेनं, शिवकांतानं, परातीतल्या पिठावरची नजर न उचलता हात लांबवून खिडकी उघडली होती. खिडकी उघडली... विचारलं मात्र काही नाही. ते न विचारणं तेव्हापासून या घरात रुद्रम्माच्या मागं-मागं हिंडत होतं. ती माजघरात गेली की माजघरात, देवापुढं बसली की देवापुढं.

आज दुपारी अदालतीची माणसं घरी यायची होती. खानदानी बाईला कचेरीच्या पायऱ्या चढायला लावू नये, तिची जबानी घरीच, पडद्याआडून घ्यावी, अशी निजामाच्या राज्यातली रीत. वकीलसाहेबांनी तसा अर्ज केला होता आणि मुन्सफांनी तो मान्यही केला होता. काय सांगायचं तेही ठरलेलं होतं. गफार ड्रायव्हर चोरून अफू खात असे. आम्हांला ते ठाऊक नव्हतं. एवढंच, दोन श्वासांत संपण्याजोगं. आणि ते सांगताना गळ्यातलं इष्टलिंग हातावर घ्यायचं, म्हणजे अदालतीचं समाधान होईल आणि गावाचंही — कारण उस्मानाबादच्या बाजारपेठेत, आडत्यांच्या ओळीत, कुणाचा तंटा तुटेनासा झाला की माणसं रुद्रम्माच्या ओट्यावर येत, आणि तिनं लिंग तळहातावर घेऊन एक शब्द उच्चारला की तो तंटा तिथं संपत असे. तिच्या शब्दावर फिरून कुणी शब्द टाकल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

तो श्रावणातला सोमवार होता. येडशीजवळच्या रामलिंगाचं दर्शन घेऊन काही तरुण सायकलींवरून परतत होते, हँडलांना बेलाच्या डहाळ्या बांधलेल्या, कपाळांवर ओली विभूती. आणि समोरून, घाटाच्या उतारावर, शेंगांच्या पोत्यांनी भरलेली मालमोटार आली. मोटार शांतलिंगची, म्हणजे रुद्रम्माच्या मुलाची. लढाईमुळं पेट्रोल मिळेनासं झालेलं, म्हणून मागं कोळशाची भट्टी बसवून तिच्या धुरावर चालवलेली ती अवजड, खोकत जाणारी गाडी. भोंगा वाजला नाही. ब्रेक लागला नाही. वाचलेल्यांतल्या एकानं पोलिसांच्या अमीनापुढं सांगितलं की मोटार झोपेत चालत आल्यासारखी आली. नीलम्माचा मुलगा सिद्धलिंग जागच्या जागी गेला. त्याचा सोबती भीमाशंकर, सायकलींच्या दुकानाचा, बैलगाडीतून नेताना वाटेत गेला. आणि गफार रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता म्हणे — डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या — आणि कुणी हलवलं की विचारत होता, माझी गाडी कुठाय.

गफारनं अफू खाल्ली होती हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ती कुणी दिली हे गफारला ठाऊक होतं, शिवकांताला... बहुधा, आणि मला. मला! — रुद्रम्मानं डबीचं झाकण चटकन लावलं, जणू तो शब्द डबीतून बाहेर पडला होता.

मुगाएवढी. मुगाएवढीच दिली होती. या घरात अफू हे औषध होतं, व्यसन नव्हे. सासूबाईंच्या हातून ही डबी तिच्याकडं आली तेव्हा मापंही त्यांनी तिच्या बोटांत घालून दिली होती — तान्ह्याला मोहरीएवढी, रडं थांबावं, झोप लागावी. थोरल्या माणसाला मुगाएवढी, मुरडा-हगवणीवर, जुन्या खोकल्यावर. डाव्या तळहातावर ठेवायची, उजव्या तर्जनीनं गोल वळायची. गल्लीतली निम्मी लेकरं तिच्या हातच्या मोहरीवर झोपी गेली होती. गफारही त्यांतलाच. त्याची आई याच आवारात शेंगा फोडायला यायची, ओट्याखाली झोळी बांधायची, आणि झोळीतलं ते काळंसावळं पोर किंचाळू लागलं की रुद्रम्मा स्वतः उठून त्याच्या जिभेला मोहरीएवढी लावायची. ते पोर मोठं झालं, मोटारीखाली पाठीवर सरपटत जाऊन मोटार शिकलं, आणि शांतलिंगनं गाडी घेतली तेव्हा रुद्रम्मानंच सांगितलं की ड्रायव्हर बाहेरचा नको, गफार आहे.

म्हणजे त्याला आणलं मी, त्याला दिली मी, आणि त्याला पाठवलं...

ती उठली. पूजेची वेळ टळत चालली होती, आणि पूजा झाल्याविना तोंडात पाणी घालायचं नाही हा नेम तिनं बाळंतपणातही मोडला नव्हता. हात धुतले. पुन्हा धुतले. गळ्यातल्या चांदीच्या पेटीतून लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं — ते काळंभोर, गुळगुळीत, तेलकट चकाकीचं लिंग — आणि रोजच्यासारखी नजर त्याच्यावर स्थिर करू गेली, तो नजर लिंगावरून घसरून त्याच्या खाली, तळहाताच्या खळग्यात गेली. इथंच. याच खळग्यात ती गोळी वळली होती. लिंगाची जागा डावा तळहात, आणि अफूचीही जागा तीच. आयुष्यभर दोन्ही तिथंच ठेवली आणि कधी काही वाटलं नाही, कारण दोन्हींनी माणसाला शांतच केलं होतं. आता मात्र लिंग उचलावं तर खाली डाग निघेल अशी भीती वाटे, आणि न उचलावं तर हात थरथरून ते खाली पडेल अशी. लिंग पडलं तर बाईनं जगू नये, असं तिच्या आजीच्या काळी मानीत. तिनं उजव्या हातानं डावं मनगट घट्ट धरलं. बेलाचं पान वाहायचं राहिलंच. त्या सोमवारपासून बेल वाहायची वेळ आली की तिच्या डोळ्यांपुढं ती मोटार येई, कचेरीच्या आवारात जप्त करून उभी केलेली, भट्टी थंड पडलेली, आणि पुढच्या चाकाच्या लोखंडात अडकून वाळलेली बेलाची डहाळी — ती तिनं पाहिलीही नव्हती. शांतलिंगनं जेवताना सहज सांगितली होती. सांगून तो भाकरी मोडत राहिला होता.

आतल्या खोलीत नातू रडू लागला. त्याला हल्ली झोप नव्हती. त्या सोमवारपासून शिवकांता त्याच्यासाठी मोहरीएवढी मागायला आलीच नव्हती. पोर दिवसचे दिवस किरकिरत राही, ती त्याला खांद्यावर टाकून फेऱ्या घाली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली, पण सासूच्या डबीच्या कोनाड्याकडं बघतसुद्धा नसे. तिला ठाऊक आहे. तिनं पाहिलंय. त्या सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात होती का? — पदर दिसला होता, हिरवा... की तो दोरीवर वाळत घातलेला होता? रुद्रम्मानं ती सकाळ इतक्या वेळा उलगडली होती की तिच्या घड्याच विरून गेल्या होत्या. हिरवा रंग तेवढा राहिला होता. विचारता आलं असतं. या घरात प्रश्न विचारायचे ते तिनंच. मुलगा, सून, दिवाणजी, हमाल, सगळे उत्तरं द्यायचे. पण सुनेला हे विचारायचं म्हणजे तिच्या हातात... नाही. आणि ती आपण होऊन कधीच बोलणार नाही. तिला मीच तसं घडवलंय.

जेवणाच्या आधी शांतलिंग आत आला. उंबऱ्याशी उभा राहिला. आईसमोर तो बसत नसे. वकीलसाहेबांनी पुन्हा निरोप धाडलाय म्हणाला. पडदा ओसरीवर लावायचा, पेशकार जबानी लिहून घ्यायला बाहेरच्या अंगाला बसेल, वकीलसाहेब त्याच्या शेजारी. मग थांबला, भिंतीवरच्या खुंटीकडं बघत राहिला. मालकानं ड्रायव्हरला त्या अवस्थेत जाणूनबुजून धाडलं असं निघालं तर मोटारीचा परवाना तर जाईलच, पण बेड्या मालकालाही पडतील, हे वकीलसाहेबांनी आधीच बजावलेलं होतं, ते त्यानं आता पुन्हा सांगितलं, आवाज खाली उतरवून.

“तसं काही झालेलं न्हाय, अव्वा,” तो म्हणाला. “मी तर त्या सकाळी तुळजापुरात होतो. मला काय ठाऊक.”

“व्हय. तू न्हवतास.”

तो क्षणभर तिच्याकडं पाहत राहिला. त्या पाहण्यात प्रश्न होता का? चाळिशीच्या उंबऱ्यावरचा हा पुरुष, ज्याच्या आवाजाला बाहेर हमाल दचकतात, त्याच्या डोळ्यांत लहानपणी अंधाऱ्या खोलीत जाताना जे असायचं तेच आता होतं. विचार, शांतलिंग. एकदा विचार. — पण तो मान हलवून निघून गेला, आणि त्याच्या वहाणांचा आवाज आवार ओलांडीपर्यंत तिला कळेना, आपण सुटलो की आणखी आत ढकललो गेलो.

मागच्या दारी गुलबानो आली होती. गफारची बायको, पोटाशी लेकरू, डोक्यावरून ओढणी पुढं ओढलेली. ती नेहमी मागच्याच दारानं येई, पण आज तिला पाहताच रुद्रम्मा दारातच थबकली, कारण काल भेटीचा दिवस होता, गुलबानो जेलात जाऊन आली असणार. आणि गफारनं सांगितलं असणार. आता ही बोलेल. इथं, मोरीपाशी, शेजारणींच्या कानांवर जाईल अशा आवाजात... रुद्रम्मा ताठ उभी राहिली. कमरेवरचा हात काढला नाही.

गुलबानो मोरीच्या दगडावर खाली बसली आणि तिनं लेकरू मांडीवर घेतलं. मग सांगू लागली, तुटक-तुटक. त्यांनी कबूल केलंय. अमीनसाहेबापुढं अंगठा दिलाय की अफीम माझी मीच घेतली, कुणी दिली न्हाय, मालकाला ठाऊक न्हाय. वकील म्हणतो लंबी सजा होईल. पत्थर फोडायची.

“पर खरं म्हंजी माझ्यानं झालंय, अम्मा.” तिनं मान वर केली. डोळे कोरडे होते, रडून-रडून संपलेले. “सकाळी म्याच दिली व्हती त्यास्नी. या लेकराच्यातली. इत्तीशी. लई मुरडा व्हता, बघवंना. म्या दिली न् दोन माणसं मेली.”

इत्तीशी म्हणताना तिनं करंगळीच्या नखाचं टोक दाखवलं.

रुद्रम्माचा कमरेवरचा हात सुटला. तिनं दाराची चौकट धरली. एक शब्द — एकच — तुझ्यानं न्हाय झालं. बाई, ती मोहरी. तिनं तर लेकरूही नीट झोपत नाही. एवढं बोललं असतं तर त्या बाईच्या छातीवरचा दगड इथल्या इथं, मोरीच्या पाण्यात, वाहून गेला असता. तोंडही उघडलं. मग तिनं पदराचं टोक ओठांवर दाबलं.

“त्यांनी तुम्हास्नी सांगावा दिलाय,” गुलबानो उठता-उठता म्हणाली. “म्हणले, अम्माला सांग, डरू नका. कशाला म्हणले ते मला न्हाय उमगलं. तुम्ही कुणाला डरता?”

आणि थोडी हसली. या गल्लीत रुद्रम्माला डरतात सगळे, रुद्रम्मा कुणाला डरते, या नुसत्या कल्पनेनंच ती हसली असावी. मग लेकरू सावरून निघून गेली.

डरू नका... तिला असं कुणी, कधीच म्हटलेलं नव्हतं. नवरा गेला तेव्हाही नाही, भाऊबंदांनी वाटणीसाठी दार अडवलं तेव्हाही नाही; कारण कुणाला ती भीत असेल असं वाटलंच नव्हतं. आणि तो, पत्थर फोडायला निघालेला, झोळीतलं ते पोर, गजांपलीकडून माझी भीती बघतोय. गेले कित्येक महिने ती एकाच गोष्टीला भीत होती, की गफार बोलेल. अमीन लाथ घालेल, वकील फिरवून-फिरवून विचारील, आणि तो बोलेल, अम्मानं दिली. तो बोलणार नव्हता. सुटका झाली होती. मग हे काय आहे, जे अजून सुटलेलं नाही... मुगाएवढी दिली होती. हो, मुगाएवढी —

नाही.

ती सकाळ आता तिनं न उलगडताच उलगडली. गफार हौदाशी उकिडवा, तोंड राखेसारखं, दोन्ही हात पोटावर. अम्मा, आज गाडी न्हाय नेत, म्हणाला. आणि ती ओट्यावर उभी. येडशीच्या स्टेशनात मालगाडीचा डबा मिळाला होता, लढाईच्या दिवसांत डबा मिळणं म्हणजे नशीब, तो आज भरला नाही तर दुसऱ्याच्या नावावर जाणार. आणि शांतलिंग गावात नाही. आणि अडचण आली म्हणून रुद्रम्माच्या घरचा माल अडला असं बाजारात म्हटलं जाणार. ती आत जाऊन डबी घेऊन आली. तेव्हा गफार म्हणाला —

“सकाळी घेतलीय थोडी, अम्मा. घरी.”

हे तो म्हणाला होता. हेच ते वाक्य, जे तिनं घडीच्या आतल्या घडीत ठेवलं होतं. तो म्हणाला होता, आणि तिला राग आला होता. मुरड्याचा नव्हे, उशिराचाही नव्हे... माझ्या आवारात माझ्या डबीसमोर दुसरीकडची अफू घेतलीय असं सांगण्याचा. ती बाजारातली, अर्धी काथाची, तिनं काय होतंय, असं म्हणाली. आणि ही माळवा मुलखातली आहे, सासूबाईंपासून या घरात हीच येते, असंही म्हणाली. आणि डाव्या तळहातावर गोळी वळली. मुगाएवढी नव्हती. बोटं आपोआप माप जाणतात, बोटांनी सांगितलंही, जास्त होतेय, रुद्रम्मा. तिनं बोटांचं ऐकलं नाही. हरभऱ्याएवढी होती.

“आ कर.”

आणि त्या पोरक्या, दाढी वाढलेल्या पुरुषानं मान वर करून, डोळे मिटून, तोंड उघडलं होतं. झोळीतल्यासारखं.

शिवकांतानं ओसरीवर वेळूच्या बारीक कामट्यांचा पडदा सोडला तेव्हा दुपार कलली होती. रुद्रम्मा पडद्याच्या आतल्या अंगाला घोंगडीवर बसली. सुनेनं पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला, पदर नीट केला — हिरवा नव्हता आज — आणि मागं सरून खांबाला टेकली. सकाळी येऊन गेलेल्या नीलम्माचं बोलणं अजून ओसरीच्या हवेत होतं, सिद्धलिंगची आई, एकुलता गेलेला, पायांवर डोकं ठेवून म्हणाली होती, “तुम्ही लिंग हातात घेऊन सांगितलं म्हंजी मी मानते, अव्वा. ड्रायव्हर अफीमची होता, नशिबात होतं, म्हणून गप बसते. मला कुणाच्या तरी शब्दावर गप बसायचंय.” माणसं आपलं रडं थांबवायलासुद्धा माझ्याकडंच येतात. मोहरीएवढं काहीतरी द्या, म्हणतात.

बाहेर सतरंजी पडली, वहाणा निघाल्या, कुणीतरी खाकरलं. कामट्यांच्या फटींतून पेशकाराची लाल तुर्की टोपी दिसत होती, आणि टाक धरलेला हात. वकीलसाहेबांचा आवाज आला, मऊ, तुपट. बाईसाहेबांचं नाव सांगू लागला, बाईसाहेबांचं घराणं सांगू लागला. पेशकार आदरानं, अगदी डोळे खाली घालून बोलत असावा, असा त्याचा आवाज होता.

“अम्माजान, तकलीफ की माफी. ये गफार, सरदार का बेटा, आपके घर की मोटार चलाता था?”

“व्हय.”

तिनं पेटी उघडली होती. लिंग तळहातावर होतं. हात थरथरत नव्हता, याचंच तिला भय वाटलं.

“अफीम खाता था?”

ठरलेली दोन वाक्यं तोंडाशी तयार होती, घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यांसारखी. तिनं ती उचलली नाहीत. समोर लिंग होतं, लिंगाखाली खळगा होता, आणि खळग्यात उघडं तोंड...

“न्हाय,” ती म्हणाली. “त्याला अफूची सवय न्हवती. कधीच न्हवती.”

बाहेर सतरंजी सळसळली. वकीलसाहेब खोकले, म्हणाले, अव्वा, नीट ऐकलंत ना, साहेब विचारतायत की — आणि ती म्हणाली, ऐकलंय मी. शांतलिंगचा श्वास पडद्यापर्यंत ऐकू आला. टाक कागदावर कुरकुरत गेला, थांबला. आता. आता पुढला प्रश्न एकच होता, या जगात उरलेला एकमेव प्रश्न. मूलही विचारील असा. सवय नव्हती, तर मग त्या दिवशी कुठून आली? रुद्रम्मानं डोळे मिटले. जो प्रश्न कुणी विचारू नये म्हणून सगळा भाद्रपद, आश्विन, कार्तिक ती दारांच्या आवाजांना दचकत आली होती, त्याच्यासमोर ती आता ताठ बसली होती, आणि तिला जाणवलं की आपण वाट बघतो आहोत.

वकीलसाहेब हसले. हळूच, पेशकाराच्या कानाशी लागल्यासारखं बोलू लागले, पण पडद्याआड शब्द न् शब्द पोचत होता. हे तर अधिकच स्वच्छ झालं. सवय नव्हती म्हणजे मालकाला शंका यायचं कारणच नव्हतं. त्या एका दिवशी त्यानं आपल्या मनानं घेतली, तसं त्यानं कबूलही केलंय. बाईसाहेबांनी खरं तेच सांगितलं. आता वयोवृद्ध बाईमाणसाला आणखी —

“बेशक, बेशक,” पेशकार म्हणाला. “ऐसे घराने की बीबी को ज्यादा तकलीफ देना मुनासिब नहीं. बस, अम्माजान.”

बस?

दौतीचं झाकण लागल्याचा आवाज आला, बारीक, डबीच्या झाकणासारखा. शांतलिंगचा अडकलेला श्वास सुटला. सतरंजी पुन्हा सळसळली, गुडघे वाजल्याचे आवाज, आत चहा सांगितलाय असं कुणीतरी म्हणालं, कुणीतरी हसत नको म्हणालं. ती खरं बोलली होती; आणि ते खरं त्यांनी उचलून गफारच्या अंगावर झाकण म्हणून घातलं होतं, चपखल बसलं होतं. आणि आता ते जाणार होते. आता तिला भीती वाटली. ही भीती ओळखीची नव्हती. कुणी विचारील याची ती नव्हतीच; कुणीही, कधीही विचारणार नाही याची होती. अदालत आदबीनं उठून जाईल, मुलगा खुंटीकडं बघत राहील, नीलम्मा माझ्या शब्दावर गप बसेल, गुलबानो करंगळीचं नख बघत म्हातारी होईल, आणि मी या घोंगडीवर, हातात लिंग घेऊन, कुणालाही न डरणारी बाई म्हणून मरेन... साऱ्या आयुष्यात मी माझ्याभोवती अशी जागा मोकळी करून घेतली की तिच्यात एक प्रश्नसुद्धा पाऊल टाकत नाही.

मागं खांबापाशी बांगड्या किणकिणल्या. तिनं वळून पाहिलं. शिवकांता तिच्याकडं बघत होती, मान खाली न घालता, पहिल्यांदाच, जागरणानं लाल झालेल्या डोळ्यांनी. आणि त्या डोळ्यांत आरोप नव्हता, दयाही नव्हती. तीसुद्धा वाटच बघत होती.

बाहेर वहाणा पायांत सरकवल्या जात होत्या. पेशकाराला त्याची एक सापडत नसावी. तो खाली वाकून शोधत होता. डाव्या तळहातावर लिंग तसंच होतं, आता जड, गार, घामानं ओलं. रुद्रम्माच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या पेरावर जाऊन टेकला आणि तिच्याही नकळत तिथं माप धरून राहिला, मुगाचं नव्हे, हरभऱ्याचं, कुणालाही दिसेल एवढं. तो हात तसाच, माप न मोडता, तिनं वर उचलला आणि, न विचारलेलं सांगायला, पडद्याच्या कामट्यांपर्यंत नेला. कामट्या उन्हानं तापल्या होत्या. पलीकडं वहाण सापडली होती.